शेरभर कणीक

मागच्या पौषात दौलतरावाचं एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. मंगरूळपीरहून टाकलेलं, चार ओळींचं पत्र.

‘गुरुजी, यंदा रोडग्याची कणीक माह्या घरून काहून नेली नाही? यादीत माह्यं नावच नव्हतं, असं आयकलं. यादी तूच लिहितं. मागच्या साली सारे रोडगे मी घातले, ते चुकलं काय? उत्तर दे. दौलत.’

आमच्या किन्हीराजात थंडीतल्या एका रविवारी मारुतीच्या देवळामागं रोडगे होतात. घरटी शेरभर कणीक आणि पाच गोवऱ्या. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत खायचे. कोणाच्या गोवऱ्या ओल्या होत्या, कोणाचा रोडगा आत कच्चा राहिला, यावर जेवण संपेपर्यंत भांडणं चालतात. घरांची यादी मी लिहितो. मी जन्मभर वाचनालय सांभाळलं, शिकवलं कोणालाच नाही, तरी गाव मला गुरुजी म्हणतं.

दौलतराव माझा लहानपणापासूनचा सोबती. त्याचं वावर मोठ्या रस्त्यात गेलं आणि कधी पाहिला नव्हता एवढा पैसा एकदम आला. मंगरूळपीरात बंगला झाला, तो आणि त्याची बायको कस्तुराबाई तिकडं राहायला गेले. त्या आनंदात तो म्हणाला, यंदाचे रोडगे माझ्याकडून. शहरातून आचारी आले, टेबलांवर पांढरे कपडे आले. रोडगे भट्टीतून निघाले, सगळे एकसारखे, एकही करपलेला नाही. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली, पाहुण्यांसारखी जेवली, हात धुऊन गेली. कोणी भांडलं नाही. दौलतराव जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, “जमलं ना?” प्रत्येक जण म्हणत होता, “लय झकास.”

पुढच्या वर्षी यादी लिहिताना त्याच्या नावापाशी माझा हात थांबला. एवढ्या पैसेवाल्याला शेरभर कणीक मागायची कशी? जास्त मागावं तर ती भीक. मी नाव सोडलं, आणि तो आता गावात राहत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पत्र आल्यावर ती समजूतही टिकली नाही. त्यात वाचनालयाचं छप्पर गळत होतं, आणि दौलतरावानं ते करून द्यावं असं माझ्या मनात कितीदा येऊन गेलं होतं. आता गोड पत्र लिहिलं तर ते मैत्रीचं की छपराचं, हे माझं मलाच ठरवता येईना. असं वर्ष गेलं.

यंदा देवळाच्या पायरीवर यादी करायला बसलो. सेवालाल होता, त्याची बायको भुरीबाई होती, शेजारचा नरेंद्र होता. मी नावं वाचून दाखवली.

भुरीबाई म्हणाली, “दौलतभाऊ कुठी हाय याच्यात?”

मी खिशातून पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. मागच्या वर्षी नाव मीच सोडलं होतं, हेही सांगितलं. छपराचंही सांगून टाकलं.

सेवालाल म्हणाला, “वर्षभर खिशात ठेवलं? आमाले वाटे तोच नाही म्हणते. बंगलेवाला झाला, आता कायले देते कणीक, असं आमी बोलत राह्यलो.”

“तुमी बोलत राह्यले,” भुरीबाई म्हणाली. “मी नाही. गुरुजी, नाव लिहा. शेरभरच लिहा. पोतं आणलं तं वापस करू.”

“अन् गोवऱ्या?” नरेंद्रनं विचारलं. “बंगल्यात कुठून येतीन?”

“इकतच्या चालणार नाही,” सेवालाल म्हणाला. “थापा म्हणा गच्चीवर.”

“त्या चकचकीत फरशीवर?”

“मंग काय झालं?” भुरीबाई म्हणाली. “कस्तुराबाईचा हात अजून इसरला नसंन. दौलतभाऊले शेण कालवाले बसवा.”

बंगल्याच्या गच्चीवर शेणाचं घमेलं घेऊन बसलेला दौलतराव सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आला. सेवालाल पोट धरून हसला. मीही हसलो, चष्मा काढून पुसावा लागला.

नरेंद्रनं फोन काढला. “लावून देऊ?”

“राहू दे,” भुरीबाई म्हणाली. “गुरुजी फोनवर ‘बरं बरं’ म्हणतीन अन् ठेवून देतीन. त्यानं कागदावर इचारलं, कागदावरच सांगा. अन् छपराचं आपण पाहू, पाच-सहा टिना तं लागते.”

रविवारला अकरा दिवस होते. मी तिथंच पायरीवर बसून लिहिलं.

‘दौलत, नाव मी सोडलं. तुझं काही चुकलं नव्हतं. तुझ्याकडे मागायला मला लाज वाटली, आणि तुला कसं वाटेल याचा विचार केला नाही. यंदा तुझ्या घरून शेरभर कणीक आणि पाच गोवऱ्या. गोवऱ्या घरी थापलेल्या पाहिजेत, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. ओल्या निघाल्या तर भुरीबाई चारचौघांत बोलणार आहे. कस्तुरावहिनींना घेऊन सकाळी लवकर ये, वांगी चिरायला माणसं कमी आहेत.’

छपराबद्दल काही लिहिलं नाही. पुन्हा वाचलं. दुसरं वाक्य बरोबर आहे का, ‘लाज’ हा शब्द राहू द्यावा का, असे विचार येऊ लागले, तेव्हा भुरीबाईनं पत्र हातातून घेतलं, पाकिटात घालून चिकटवलं आणि परत माझ्या हातात दिलं. मी एकटाच पोस्टापर्यंत गेलो आणि ते पेटीत टाकलं.