झुंबरचं बारसं

ज्यांना स्वतःच्या पोराचं नाव सासूला विचारल्याशिवाय ठेवता आलं नाही, ते सगळे माझ्या भावाच्या नावावर मत द्यायला आले होते. हातात मोबाइल, अंगठा मोकळा, द्या ठोकून! मेल्यांनो, तुम्हाला विचारलं कुणी?

थांबा, नीट सांगते. मी सिंधू. मयुरेश माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ झुंबर, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता; चार वर्षांपूर्वी गेला. कारखान्याने भंगारात काढलेला एक कंप्युटर त्याने सायकलला बांधून घरी आणला होता, पोरासाठी. बंद निघाला. मयुरेश रडायला लागला तर भाऊ म्हणाला, "रडतो काय? उघडून बघ." बापलेकांनी तो स्वयंपाकघराच्या फरशीवर उघडला आणि वहिनीने आठवडाभर त्या तारा ओलांडत भाकरी थापल्या.

त्याच पोराने मोठं होऊन ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. म्हणजे कंप्युटरच्या आतला कारभारी. तो नसला तर डबा नुसता डबाच. मयुरेशची सिस्टिम जुन्या, टाकून दिलेल्या कंप्युटरवर चालते, मराठीत चालते आणि शाळांना फुकट. मला त्यातलं फार कळत नाही, पण आमच्या इथल्या शाळेत धूळ खात पडलेले कंप्युटर चालू झालेले मी डोळ्यांनी पाहिले.

नावाची वेळ आली तेव्हा तोच म्हणाला, "आत्या, बारसं करू. नाव ठेवायचा मान तुझा. तू ठेवशील ते." हौसच ती! पाळणा आणला, झेंडूच्या माळा बांधल्या, आत लॅपटॉप निजवला. मी म्हटलं, "अरे, याला कान कुठंय?" त्याने टाचणीएवढं भोक दाखवलं. "हा माइक. इथं बोल." मी वाकले, बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले आणि मी त्या भोकात म्हटलं, "कुर्रर्र, झुंबर!" पडद्यावर अक्षरं उमटली. मयुरेशने डोळे पुसले. वहिनीची वेगळीच पंचाईत. तिने जन्मात कधी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. तेव्हापासून ती 'ते मशीन' म्हणायला लागली. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. मयुरेशची भागीदार वेदिका, तिने सगळं मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं.

तिथून सुरू झालं. एक म्हणे, दिव्यांचं दुकान काढलंय का? दुसरा म्हणे, छताला टांगा, लोंबकळत राहील. कॉलेजच्या एका पोरीने लिहिलं, फारच गावठी वाटतं, चारचौघांत सांगायचं कसं? कुणी एक प्राध्यापक भलंमोठं खरडून गेला की हा शब्द मूळचा मराठी नाहीच. गोदावरीचं नाव का नाही दिलं म्हणून काहीजण चिडले, आणि दिलं असतं तर नदीचा अपमान केला म्हणून तेच चिडले असते. आमच्या दूधवाल्यानेसुद्धा पिशवी देता देता विचारलं, "आत्या, जरा मॉडर्न नाव नाही सुचलं का?" मी म्हटलं, "तू दुधात पाणी घालतोस ते मॉडर्न घालतोस का, ते सांग आधी." एवढ्या लोकांत सिस्टिम चालवून बघितलेला एक माणूस नव्हता. एक!

लोकांचं मी सोडून दिलं असतं. लोकांना काय, आज आपण, उद्या दुसरं कुणीतरी. पण गुरुवारी मयुरेशची मुलाखत लागली, नाशिकच्याच कुठल्या तरी चॅनलवर. निवेदक दात काढत म्हणाला, "झुंबर म्हणजे कुणा आजोबांचं नाव वाटतं हो!" आणि मयुरेश हसला. हसला! म्हणाला, "छे छे, तसं काही नाही. घरच्यांची गंमत होती ती. येत्या रविवारी नवीन नाव जाहीर करतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसं काही नाही? ज्याच्या सायकलवरून तो डबा घरात आला, तो माणूस 'तसं काही नाही'? वहिनी माझ्या शेजारी बसून बघत होती. ती उठली आणि आत जाऊन कुकर लावला. ते मला जास्त लागलं.

मी अंगावरच्या साडीनिशी रिक्षात बसले आणि त्याचं ऑफिस गाठलं. दारावर पाटी होती, 'मयुरेश झेड. बोरस्ते'. कितीदा तरी तिथं गेले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली.

"हा झेड कोण रे?" मी आत शिरत विचारलं.

"आत्या, तसंच लिहितात सगळे."

"सगळ्यांच्या बापाचं नाव झेड आहे का?"

वेदिकाने खुर्ची पुढं केली. पोरगी वाईट नाही. म्हणाली, "आत्या, लोक नावालाच हसतात, मग काम कुणी बघतच नाही. उद्या शाळांनी नको म्हटलं तर? आम्ही 'निओरा' ठरवलंय."

"म्हणजे काय?"

"अर्थ असा काही नाही. म्हणून तर कुणी हसणार नाही."

मी मयुरेशकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "शाळेतपण हसायचे गं. हजेरीला पूर्ण नाव पुकारलं की अख्खा वर्ग खिदळायचा. आता सगळं गाव तेच करतंय. मला नाही सहन होत."

घडीभर माया आली मला त्याची. आणि लगेच दुप्पट संताप आला.

"ते हसले म्हणून तू बाप लपवलास? बरं. बदल नाव, खुशाल बदल. पण तुझंही नाव मीच ठेवलंय, याच तोंडाने, तुझ्या कानात. त्याच्या मागोमाग बापाचं नाव येतं. ते नको असेल तर माझंही नको. दिलेलं नाव परत घेतलं मी. तूही निओरा हो!"

"आत्या!" तो ओरडला. मी मागं वळून पाहिलं नाही.

मग त्याचे फोन यायला लागले. "आत्या, मी मयुरेश." मी म्हणायचे, "कोण मयुरेश? मी नाही ओळखत," आणि ठेवून द्यायचे. वहिनी म्हणाली, "वन्सं, इतकं ताणू नका." म्हटलं, ताणणार! न्हाणीत जाऊन रडले ते तिला कशाला सांगू.

रविवारी नाव जाहीर करायच्या कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो नाही. मेथी निवडत बसलो होतो. फोन वाजला. मागे गर्दीचा गलका, खुर्च्या सरकल्याचा आवाज, माइकची शिट्टी. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आत्या, मी मयुरेश."

"कोण मयुरेश?"

माइकची खरखर ऐकू आली. मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज दोनदा आला, एकदा फोनमधून आणि एकदा त्याच्या मागच्या स्पीकरमधून.

"मी मयुरेश झुंबर बोरस्ते. या सिस्टिमला माझ्या वडिलांचं नाव आहे. ते बदलणार नाही."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. मला इथं घरात ऐकू आलं.

"हसतायत गं," तो हळूच म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत वहिनीने हातातली जुडी खाली टाकली आणि फोन ओढून घेतला.

"हसू देत," ती म्हणाली. "झुंबर म्हण. परत म्हण, झुंबर."