सगळ्यात वरचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी निळी फाईल आहे. माझा एक कोपरा उंदराने कुरतडलाय आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय बसत नाही. तरी मला रद्दीत घालायची कुणाची छाती होत नाही. का, ते सांगते.

पनवेलला कॉलेजसमोरच्या दुकानात मी दोरीला लटकत होते. बारावीचा निकाल हातात घेऊन कोमल आली आणि मला कोळीवाड्यात घेऊन गेली. तेव्हा काय माझा थाट! पाहुणे आले की तिची आई, भामा, ओले हात लुगड्याला पुसून मला फळीवरून काढायची. भामाला वाचता येत नाही, पण लेकीचे गुण तिला तोंडपाठ होते.

मग कोमल बीएस्सीला गेली. शाळा मराठीतून झालेली, इथे सगळं इंग्रजीत. समजलं नाही तरी हात वर करायची लाज. घोकून पहिलं वर्ष कसंबसं निभावलं, दुसऱ्या वर्षी दोन विषयांत केटी लागली. ती गुणपत्रिका तिने माझ्या तळाशी कोंबली आणि मला माळ्यावर जाळ्यांच्या मागे टाकलं. उंदराची ओळख तिथलीच. मला तिचा फार राग आला होता.

तिसऱ्या वर्षी मी खाली उतरले, ती कॉलेजातल्या स्नेहल मॅडमच्या कृपेने. "रोज एक प्रश्न विचारायचा. कितीही साधा असू दे," असं त्यांनी कोमलला बजावलं होतं. त्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या ठेवायला कोमलने मला काढलं आणि माझं पोट फुगलं. दोन्ही विषय सुटले. खाडीच्या चिखलातल्या निवटे माशांवर तिने प्रकल्प केला आणि त्याच वर्षी पहिला वर्गही मिळवला.

तरी एमएस्सीच्या मुलाखतीची धास्ती होतीच. प्रवेश नाही मिळाला, तर जवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामातली नोकरी ठरलेली. मुलाखतीच्या सकाळी कोमल कागद लावत होती. केटीची गुणपत्रिका पुन्हा तळाशी. भामा बाजाराला निघाली होती. ती मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाली,

"काय गो, ह्यो कागद का लपवतेस?"

"वाईट आहे तो, आई."

"मी कालची मासली आजच्याखाली लपवते का? वेगली ठेवते. सांगते, ही कालची हाय. म्हून गिऱ्हाईक आजच्यावर इस्वास ठेवतं."

कोमलने तो कागद तळातून काढून सगळ्यात वर ठेवला.

मुलाखतीत सरांनी मला उघडलं आणि त्यांच्या भुवया चढल्या. "हे काय?"

"सर, दुसऱ्या वर्षी दोन विषय गेले. समजत नव्हतं आणि मी विचारत नव्हते. नंतर विचारायला लागले. पुढचे निकाल त्याच्याखाली आहेत."

सरांनी एकेक कागद उलटला. मग निवट्यांचं विचारलं, आणि कोमल अशी बोलत सुटली की त्यांनाच थांबवावं लागलं.

आठवड्याने यादीत तिचं नाव लागलं. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! प्रवेशाचा कागद घालायला कोमलने मला उघडलं, तेव्हा भामाने विचारलं, "कालचा कंचा गो?" कोमलने दाखवला.

"ऱ्हाऊंदे वरच," भामा म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा. आणि फसलेला कागद तिच्या तळाशी कोंबू नका. माझ्यात तो आजही सगळ्यात वर आहे.