आईचा उजवा पाय

माझा नवरा आणि माझे भाऊजी यांच्यात विस्तव जात नाही, हे आमच्या हॉस्पिटलात लिफ्टवाल्यापासून लायब्ररीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दोघे एकमेकांचे साडू, दोघे एकाच प्रकल्पात, आणि दोघांच्या मध्ये मी. नवरा मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतोय, शेवटच्या टप्प्यात आहे. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, इंजिनीअर. ते शेजारच्या संशोधन इमारतीत बसतात आणि डॉक्टर झालो नाही याचा राग डॉक्टरांवर काढतात. मी नसांचे सिग्नल वाचते. ऑपरेशन चालू असताना रुग्णाच्या पायात बारीक सुया टोचलेल्या असतात, त्यांच्या लहरी माझ्या पडद्यावर उमटतात, आणि नस दुखावली जातेय असं दिसलं की मी ओरडते. ओरडण्याचंच काम आहे, त्यामुळे मला जमतं.

प्रकल्प चांगला होता, हे मी आजही म्हणेन. पाठीच्या एमआरआयवर संगणकाने आपणहून मणके ओळखायचे, त्यांना नंबर द्यायचे, दोन मणक्यांमधली कुठली गादी सरकून नस दाबतेय ते दाखवायचं. सर्जनने त्याच नंबरावर छोटासा छेद घ्यायचा. भाऊजींनी प्रोग्रॅम लिहिला, नवऱ्याने रुग्ण आणले, मी लहरी मोजल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात संशोधनाचा लेख लिहायची वेळ आली आणि पहिलं नाव कोणाचं यावर दोघांचं बिनसलं. नवऱ्याचं म्हणणं, रक्तात हात माझे बरबटतात. भाऊजींचं म्हणणं, डोकं माझं आहे, हात काय, कोणाचेही चालतील. आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडमनी "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून हात झटकले. तेव्हापासून बोलणं बंद. नवरा त्यांना मोजपट्टी म्हणतो, ते नवऱ्याला हातोडी. माझ्यासमोर.

काही महिने दोघांचे निरोप मी वाहिले. "तुझ्या भाऊजींना सांग, फाइल पाठवा." "तुझ्या नवऱ्याला सांग, फाइल पाठवून झाली, डोळे उघडून बघ म्हणावं." ताईच्या घरी जेवायला गेलो की भाजीचं भांडंसुद्धा माझ्यामार्फत फिरायचं. एक दिवस माझं डोकं सणकलं. मी टपालखात्यात नोकरीला नाही, असं दोघांना सुनावलं आणि निरोप बंद केले. बरोबर केलं, असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतर दोघांमध्ये फक्त चित्रं यायची-जायची. भाऊजींच्या प्रोग्रॅममधून निघालेल्या प्रत्येक चित्राखाली काळी पट्टी असायची आणि तिच्यावर त्यांच्या प्रयोगशाळेचं नाव, दुकानाच्या पाटीसारखं ठळक. नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. माझ्या थिएटरात ह्याची जाहिरात नको, असं म्हणत तो प्रत्येक चित्र खालून कापायचा आणि मगच मोठ्या पडद्यावर लावायचा. पोरखेळ, दुसरं काय. मी बघायचे आणि सोडून द्यायचे.

अशात आईचा पाय गेला.

आई वकील. अजून रोज कोर्टात उभी राहते आणि समोरच्याला घाम फोडते. आधी तिची कंबर धरली, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मग उजवं पाऊल फरशीवर आपटत पडायला लागलं, चप्पल पायातून निसटायला लागली, आणि एक दिवस कोर्टाच्या पायऱ्यांवर ती सगळ्यांच्या देखत कोसळली. तेव्हा कळलं की गेले कित्येक दिवस ती गाडी चालवताना ब्रेकवर डावा पाय टाकत होती. मी ऐकून हादरले. एमआरआय केला, गादी सरकलेली, नस पार चेपलेली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, लगेच मोकळी केली तर पाऊल उचलायला लागेल, उशीर झाला तर ते असंच लोंबत राहील.

मी म्हटलं, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ, घरच्यांनी घरच्यांना हात लावू नये. आईने मला उडवून लावलं. दोन जावई आणि एक मुलगी ज्या कामात आहेत ते काम परक्याकडून का करून घेऊ, असं तिचं म्हणणं. ती प्रकल्पातही सामील झाली, सगळे कागद वकिलाच्या नजरेने वाचून. मॅडमनी ऑपरेशन स्वतः करायचं कबूल केलं, नवऱ्याला मदतीला घेतलं आणि मला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. त्या खोलीत भाऊजीही होते, त्यांच्या पडद्यासमोर, हाताची घडी घालून.

काचेतून मला आईची फक्त पाठ दिसत होती, तीही हिरव्या कापडांमधल्या चौकोनाएवढी. तिच्या पायांच्या लहरी मात्र माझ्यासमोर होत्या. डाव्या पायाची उंच, उजव्या पायाची मेलेली. नवऱ्याने चित्र लावलं, नेहमीप्रमाणे खालून कापलेलं. फळ्यावर लिहिलेलं होतं, कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, मधली गादी. त्याने पाठीत सुई ठेवून एक्स-रे काढला, पडद्याकडे बोट करत मणके मोजले, मॅडमनी मान हलवली, आणि त्या कामाला लागल्या.

बराच वेळ सगळं नीट चाललं होतं. मग मॅडमचे हात थांबले. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत.

"ही गादी चांगली आहे. नस मोकळी आहे. इथे काहीच झालेलं नाही."

नवरा सूक्ष्मदर्शकात वाकला. त्याने पुन्हा एक्स-रे मागवला, पुन्हा मोजलं, तोच नंबर आला. माझ्या पडद्यावर उजव्या पायाची लहर होती तशीच होती. त्याच्या मोजणीने गादी चौथ्या-पाचव्याच्या मधलीच होती आणि ती ठणठणीत होती. मॅडम म्हणाल्या, चित्र ज्याने काढलंय त्याला विचारा. नवरा सूक्ष्मदर्शकातून डोळे काढेना. भाऊजी माझ्या शेजारी बसलेले, त्यांच्यासमोर माइक. माझी आई पाठ उघडी टाकून झोपलेली, आणि हे दोघे एकमेकांनी आधी तोंड उघडायची वाट बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माइक ओढला, भाऊजींच्या तोंडासमोर धरला आणि काचेवर थाड्कन हात मारला.

नवऱ्याने मान वर केली. "मणके कुठून मोजता तुम्ही?"

"वरून. मानेपासून. तुम्ही?"

"खालून. कमरेच्या त्रिकोणी हाडापासून वर."

दोघांचा पहिला संवाद, इतक्या दिवसांनी.  वरून मोजा नाहीतर खालून, माणसाच्या कमरेत पाच मणके असतात, त्यामुळे हिशोब जुळतोच. त्यांच्या आधीच्या प्रत्येक रुग्णात तो जुळला होता, म्हणून हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. मॅडमनी अख्खं चित्र मागितलं, न कापलेलं. भाऊजींनी ते पडद्यावर टाकलं आणि मॅडमनी चिमट्याने दुरूनच एकेका मणक्याकडे खूण करत मोजलं. आईच्या कमरेत सहा होते. तळाशी एक जास्तीचा, त्याच्यावर प्रोग्रॅमने स्वच्छ सहाचा आकडा टाकलेला, नेमका त्या काळ्या पट्टीला चिकटून. पट्टीबरोबर तोही कापला गेला होता. त्यामुळे खालून मोजणाऱ्याने सहाव्यालाच पाचवा धरलं आणि त्याच्या हाताला एक घर खालची गादी लागली.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "वर जायचंय. छेद वाढवा."

छेद वाढवला. वरच्या गादीचा तुकडा नसेवर दगडासारखा बसलेला निघाला. तो काढल्यावर माझ्या पडद्यावर उजव्या पायाची लहर किंचित हलली. किंचितच. एरवी एवढं हललं की मी खूश होते. त्या दिवशी मी त्या रेषेकडे बघत राहिले आणि ती पुढे सरकली नाही.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी दोघांना गाठलं, किंवा ते आधीच एकमेकांना भिडले होते. नवरा विचारत होता, सहा मणके तुम्हाला दिसले नव्हते का. भाऊजी म्हणाले, दिसले होते, चित्रावर लिहिलंय, लिहिलेलं कापून टाकायला मी सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, दिसले होते तर सांगायला काय झालं होतं, मूग गिळून बसला होतात का. भाऊजी जरा अडखळले. मग म्हणाले की विभागाच्या बैठकीत दाखवायला ठेवलं होतं. असा रुग्ण क्वचित मिळतो, प्रोग्रॅमने तो बरोबर ओळखला, तेव्हा पहिलं नाव कोणाचं ते तिथेच सिद्ध झालं असतं.

"आणि ती माझी आई आहे, हे?" मी विचारलं.

भाऊजी म्हणाले, मला काय माहीत हे लोक खालून मोजतात. नवरा म्हणाला, जगात सगळे सर्जन खालूनच मोजतात. भाऊजी म्हणाले, जगात सगळे रेडिओलॉजिस्ट... मी पुढचं ऐकलं नाही. दोघांचीही मला इतकी किळस आली की भिंतीला टेकून उभी राहिले. मला त्यांना मारायचं होतं. दोघांपैकी आधी कोणाला, एवढाच प्रश्न होता.

आईला सांगायचं काम मॅडमनी आम्हा तिघांवर टाकलं. मी त्यांच्या जागी असते तर नेमकी हीच शिक्षा दिली असती. दुसऱ्या दिवशी आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, चष्मा लावलेला. पाठ ठणकत असणार, पण चेहऱ्यावर काही नाही. ताई कोपऱ्यात उभी राहून आधीच रडत होती. नवऱ्याने सांगायला सुरुवात केली, भाऊजींनी मध्ये दुरुस्ती केली, नवऱ्याने त्या दुरुस्तीला दुरुस्ती केली. आईने हात वर केला. कोर्टात ती असाच हात वर करते.

ती म्हणाली, गोष्टी सांगू नका, मी विचारते त्याची उत्तरं द्या. थोरल्या जावयाला विचारलं, सहावा मणका तुम्हाला ऑपरेशनच्या आधी दिसला होता का. हो. धाकट्याला सांगितलंत का. नाही. धाकट्याला विचारलं, चित्र कोणी कापलं. मी. का कापलं. त्यावर नवरा जमिनीकडे बघत राहिला. आईने तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारला, तेव्हा त्याने पट्टीचं सांगितलं. त्या स्वच्छ खोलीत, सलाइनच्या बाटलीखाली ते इतकं क्षुद्र वाटलं की ताईचं रडणंसुद्धा थांबलं.

मग आई माझ्याकडे वळली. "ह्या दोघांचं बोलणं बंद आहे, हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"तरी मला ह्यांच्या हातात दिलंस."

मी म्हणणार होते की तूच हट्ट केलास, मी नको म्हणत होते. ते खरंही होतं. पण नको म्हणताना मी तिला घरच्या माणसांचा नियम सांगितला होता, ह्या दोघांचं कारण सांगितलं नव्हतं. घरातलं भांडण आईच्या कानावर कशाला घालायचं म्हणून. मी काहीच बोलले नाही, आणि तिने माझ्या गप्प बसण्याची नोंद घेतली, जशी ती साक्षीदाराच्या गप्प बसण्याची घेते.

तेवढ्यात व्यायामवाली मुलगी आली, बरोबर एक नर्स. पहिल्यांदा उभं करायचं होतं. तिने विचारलं, एका बाजूने घरचं कोणी धरेल का. आम्ही तिघेही पुढे सरकलो.

"ह्यांच्यातलं कोणी नको," आई तिला म्हणाली. "तू धर. आणि दुसरीकडून ती नर्स."

तिला आमच्यापैकी कोणाचं नावसुद्धा घ्यायचं नव्हतं. त्या दोन परक्या पोरींच्या खांद्यावर हात टाकून ती उठली, ओठ घट्ट मिटून. डावा पाय टाकला. मग उजवा उचलला. मांडी उचलली गेली, गुडघा उचलला गेला, पाऊल लोंबत राहिलं आणि त्याची बोटं फरशीवर घासत पुढे आली. नस मोकळी होऊन एकच दिवस झालाय, अजून वेळ जायचाय, हे मला कळत होतं. ती कदाचित कधीच जागी होणार नाही, हेही कळत होतं. ते पाऊल आणि तो घासल्याचा आवाज मला सहन होईना.

दारापर्यंत जाऊन ती थांबली, दम खाल्ला. आमच्याकडे न बघता म्हणाली, "पुढचे उपचार मी दुसऱ्या हॉस्पिटलात घेणार. तिथे माझं कोणी नाही."

नवरा काहीतरी बोलायला गेला, भाऊजींनी त्याचा दंड धरला. दोघांनी एकमेकांना स्पर्श केलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. आईने तेही पाहिलं नाही. तिने व्यायामवालीला विचारलं, अजून किती चालायचं, आणि उजवं पाऊल ओढत ती कॉरिडॉरमध्ये वळली. आम्ही तिच्या मागे गेलो नाही. तिने आम्हाला बोलावलं नव्हतं.