मारियाची जागा

आईसाठी मोतीराम काकांनी खड्डा खणून ठेवला होता. चर्चच्या मागं, बापाच्या कबरीला लागून. ती जागा आईनंच धरून ठेवलेली. दर दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, ती बापाच्या कबरीला चुना लावायची आणि उरलेल्या चुन्यानं बाजूच्या मोकळ्या जमिनीवर चौकोन ओढायची.

"हे माही. इथं कोनाले टेकू द्याचं नाही, पोरी."

आधार कार्डावर ती राहीबाई, चर्चच्या वहीत मारिया. मी शाळेत प्रतिभा, चर्चमध्ये अग्नेस. तेलंगणात, तामसीकडच्या आमच्या गावात अर्धी वस्ती अशीच दोन नावांची. आमच्या जातीचा माणूस हिंदू राहिला, बौद्ध झाला, तर सवलत राहते. कागदावर ख्रिस्ती झाला की जाते. जातीवरून पडणारी शिवी मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही धुतली जात नाही. म्हणून रविवारी गुडघे टेकायचे आणि सोमवारी जातीचा दाखला दाखवायचा. माझी सरकारी मास्तरकी त्याच दाखल्यावरची. लाज वाटते. पण ज्यांनी हा कायदा केला त्यांना आधी वाटू दे.

करोनात चर्चला कुलूप लागलं. फादर फोनवर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायचे. आई फोन क्रूसाखाली ठेवून गुडघ्यावर बसायची. मध्येच गोडेतेलाची जाहिरात आली तरी उठायची नाही.

"आई, हे फादर नाहीत, तेल आहे."

"असू दे. देव मंधातच आला अन् मी उठेल दिसली तर?"

दुसऱ्या लाटेत, मे महिन्यात, तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. गाडीत चढताना तिनं माझं मनगट धरलं. "मले जाळू देजो नको. त्याच्या बाजूले पूर, माह्या खऱ्या नावानं."

"हो," म्हणाले मी.

चौथ्या दिवशी ती गेली. खिडकीतल्या बाबूनं अर्ज सरकवला. "दफन पाहिजे तर चर्चचं पत्र जोडा. धर्म लिहा, खाली सही, तुमचा हुद्दा. नाहीतर नगरपालिकावाले नेऊन जाळतील."

पत्र घेऊन मोतीराम काका फाटकाशी उभेच होते. काका आमचे उपदेशी. वस्तीला प्रार्थना शिकवायची आणि वस्तीची माणसं पुरायची, दोन्ही कामं त्यांचीच. फादर तापानं पडलेले, पण पत्रावर सही करून दिलेली.

"कर न सही."

"काका, हुद्दा लिहाले सांगून राह्यले."

"मंग लिही. मास्तरीन आहेस, लिहिता येत नाही काय?"

"हा कागद कोनी वरती नेऊन देल्ला तर माही नोकरी जाईन."

"काऊन देईन कोनी? लोकं मरून राह्यले, त्याईले तुह्या नोकरीचं काय पडलं?"

"पडते, काका. नोकरीवर सगळ्याइचा डोळा असते."

काकांनी मास्क खाली ओढला. "तुही माय मले रोज इचारे, काका, माही जागा कोनाले देल्ली तर नाही? मी सांगे, नाही मारिया. आता काय सांगू?"

पेन माझ्या हातात होतं. धर्मापुढं मी 'हिंदू' लिहिलं.

काकांनी वाचलं. पत्राची घडी करून ती खिशात घातली आणि ते गावाकडं निघाले.

दुपारी आईला आणखी सहा जणांबरोबर नेलं. राख कोणती कोणाची, ते कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी काकांनी खड्ड्यात आईची जपमाळ ठेवली आणि माती लोटली. उघडा खड्डा ठेवता येत नाही म्हणे.

नोव्हेंबरात चर्च उघडं होतं. मेलेल्यांच्या दिवशी त्या वर्षीच्या मेलेल्यांची नावं वेदीवरून वाचतात. ज्याचं माणूस, त्यानं पेटती मेणबत्ती घेऊन उभं राहायचं. काकांनी मला नावासाठी कोरी चिठ्ठी दिली. "लिही. इथं बाबू नाही."

मी 'मारिया' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

पण करोनापासून सगळं फोनवर लाइव्ह जातं. काठीवर लावलेला फोन एकेका कुटुंबाकडं वळत होता. ते कोण कोण बघतं, देवाला माहीत. आमच्या शाळेतलेही बघतात.

"मारिया," फादर म्हणाले.

फोन माझ्या बाकाकडं वळला. मी मेणबत्ती विझवली आणि खाली मान घालून बसून राहिले.

फादर थांबले. पुन्हा म्हणाले, "मारिया."

मागच्या बाकावर खोकत खोकत मोतीराम काका उभे राहिले.