दहा नंबरची बाटली

दहा नंबरच्या बाटलीत साखर निघाली आणि माझं डोकंच फिरलं.

दहा नंबरच्या खाटेवर होते आमचे अप्पा, माझे सासरे. त्यांना साखरेचा आजार नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? साखर होती शेजारच्या खाटेवरच्या वकिलांना. म्हणजे दोन्ही बाटल्यांत वकिलांचीच लघवी!

खोकल्याची साथ आल्यापासून मोठ्या डॉक्टरांनी पद्धत पाडली होती, रोज सकाळी प्रत्येक पेशंटची लघवी तपासायची. लघवीत बुडवलेल्या पट्टीवर प्रोटीन किंवा रक्त दिसलं, की आजार छातीपुरता राहिलेला नाही असं धरायचं आणि पेशंटला वरच्या मजल्यावर ऑक्सिजनजवळ हलवायचं. चाळीस बाटल्या. कुणाची बाहेरून चिकट, कुणाच्या झाकणाला केस. बावीस वर्षं लॅबमध्ये हेच करतेय, तरी पहिली बाटली उघडताना तोंड फिरवतेच. सवय होते म्हणतात, ते साफ खोटं आहे.

घरी अप्पांचं वेगळंच. मी चहा पुढे केला की ठरलेला प्रश्न, "हात धुतलेस का?" मग कप स्वतः पुन्हा विसळणार. शेजाऱ्यांपाशी मला 'मुतारीवाली' म्हणत, तेही माझ्या कानावर आलेलं. त्यांना माझी किळस, मला त्यांची. फिट्टंफाट.

मास्क चढवून तशीच वॉर्डात गेले.

"अप्पा, ही बाटली कुणाची?"

"माझीच की." एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली.

वकिलांनी मान खाली घातली. "ते हात जोडायला लागले हो. कालपण मीच दिली. म्हटलं, काय बिघडतंय?"

काल! म्हणजे कालच्या पट्टीवरही साखर होती. प्रोटीन नाही एवढंच बघून मी बाटली बाजूला सारली होती, नाक मुरडून, घाईघाईत. मला दोघांची शिसारी आली आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

"अहो, जिवाशी खेळ आहे हा! का केलंत असं?"

अप्पा छताकडे बघत म्हणाले, "सुनेनं सासऱ्याचं मूत हुंगायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं."

"हुंगत नाही, पट्टी बुडवते. मलाही हौस नाही. घ्या ही रिकामी बाटली."

पडदा ओढून मी पाठमोरी उभी राहिले. मग पडद्याआडून हात आला. कोमट बाटली त्यांनी वर्तमानपत्रात नीट गुंडाळली होती आणि वरून आपल्या धुतलेल्या रुमालाची गाठ मारली होती.

पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन गर्द हिरवा झाला, म्हणजे प्रोटीन भरपूर. तासाभरात त्यांना वर हलवलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरताना अप्पा माझ्याकडे न बघता पुटपुटले, "हात धुऊन घे."

चौथ्या दिवशी अप्पा गेले.

सगळं आटोपून घरी आले. कोपरापर्यंत हात धुतले, चहा केला. नवऱ्यानं काही न विचारता कप घेतला आणि प्यायला लागला. मी माझा कप खाली ठेवला आणि पुन्हा जाऊन हात धुतले.