शेवटी बोलायची पाळी

मठाचं हे छोटं घर बंद झालं, तर थोरल्या सिस्टरचा फायदाच फायदा होता. जिना सुटणार होता. आताशा ती तो जिना बसूनच उतरायची, पायरी पायरी घसरत, आणि कुणी पाहिलं तर म्हणायची, "मेण सांडलंय का बघतेय." मुख्य मठात तळमजल्याची खोली मिळणार होती, नळाला गरम पाणी मिळणार होतं. आणि शेजारच्या खाटेवर सख्खी बहीण मिळणार होती. ही शेवटची जमा बाकी सगळ्यांना पुरून उरणारी होती.

ताईही सिस्टरच. दोघी एकाच घरातून देवाला दिलेल्या. आई म्हणायची, "देवानं एकच मागितली असती, तर दुसरीनं त्याच्याशी भांडण काढलं असतं." आता ताईची आठवण पार गेली होती. आरशातल्या बाईला ती "या, बसा" म्हणायची. ओळखायची ती फक्त फोनवरचा धाकट्या बहिणीचा, म्हणजे या थोरलीचा, आवाज. डॉक्टरांनी तर सांगूनच टाकलं होतं, फार दिवस धरू नका.

पण थोरलीला एकटीला जाता येत नव्हतं. घराच्या प्रमुख मदर धरून सिस्टर चौघीच, आणि चौघींपेक्षा कमी असतील तर घर चालू ठेवायचं नाही, असा मुख्य मठाचा दंडक. नुसतं भेटून परत यावं, तर तो लांबचा प्रवास तिच्या गुडघ्यांना दोनदा झेपणारा नव्हता. ती गेली की घराला कुलूप, आणि तळमजल्यावरच्या पाळणाघरालाही. शिलाई कारखान्यातल्या बायका तिथं लेकरं ठेवून कामावर जायच्या.

म्हणून एका सकाळी प्रार्थनेनंतर चॅपलमध्येच सभा बसली. मदर फक्त ऐकणार होत्या, मत तिघींचं. मठाची रीत अशी, की वयानं धाकटी असेल तिनं आधी बोलायचं आणि थोरलीनं शेवटी, कारण थोरली आधी बोलली की धाकटीची जीभ टाळ्याला चिकटते. आणि दुसरीच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही. जुन्यांनी शहाणपणानंच हे ठरवलं असणार. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. जन्मभर मन मारायला शिकवलेल्या बाईला तिचं मत विचारलं, की ती शेजारणीचं सांगते.

"आजच्या जगात या घराचं काही काम उरलंय का?" मदरनी विचारलं. "देवाला स्मरून सांगा."

पाळणाघर बघणारी धाकटी उभी राहिली. "जग बदललं, मदर. आपल्यात यायला मुली नाहीत. कुणाची वाट बघत दार उघडं ठेवायचं? बंद करू." तिच्या खांद्यावर ओला डाग होता. कुठलं तरी बाळ तिथं नुकतंच लाळ गाळून गेलं होतं.

मग स्वयंपाकघर सांभाळणारी. "मला काय, चूल इथली काय नि तिथली काय! धाकटी दमली असेल तर बंद करू."

दोन मतं आयती पदरात. थोरलीनं आता नुसतं 'आमेन' म्हणायचं बाकी होतं, आणि तो शब्द ओठांवर आलाही होता. पण देवाची इच्छा हुबेहूब आपल्या इच्छेसारखी दिसली, की कापड उलटून बघावं तशी ती उलटून बघायची तिची सवय. तिनं तो ओला डाग पुन्हा एकदा पाहिला.

"मदर, रीत मोडते. हिनं खोटं सांगितलं."

"सिस्टर!" धाकटी लालेलाल झाली.

"माझा जिना बघून बोललीस ना?"

"तुम्ही घसरत उतरता ते बघवत नाही हो. आणि तिकडे तुमची ताई..."

"माझ्या बुडाची काळजी देवाच्या सभेत आणू नकोस."

स्वयंपाकवाली फसकन हसली. मदरनी क्रुसाकडे नजर वळवली.

"आता माझं ऐका," थोरली म्हणाली. "मला जायचंय. मनातल्या मनात पेटी भरून बसलेय मी. पण घराचं काम संपलं म्हणून नाही, ताईपाशी बसायचं म्हणून. माझी हौस देवाच्या नावावर खपवू नका."

मदरनी क्रुसावरची नजर काढून तिघींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुन्हा विचारते. या खेपेला खरं तेवढं सांगा. त्यागाचं मागाहून बघू."

धाकटीचे डोळे भरले. "राहायचंय मला. लोक विचारतात, तुमच्यात आता येतं कोण? मी म्हणते, दार उघडायच्या आधी बायका येऊन उभ्या असतात. त्या काही व्रत घ्यायला येत नाहीत. पण लेकरू माझ्या हातात देतात नि मागं न बघता कामाला जातात. मला श्रद्धा तेवढीच कळते, मदर."

"तिथं पगारी आचारी आहे," स्वयंपाकवाली म्हणाली. "मला भाजी निवडायला बसवतील. आशाबिशा मला सांगता येत नाही. रोज संध्याकाळी उद्याचं कडधान्य भिजत घालते. उद्यावर भरवसा नसता, तर कशाला घातलं असतं?"

मग सगळ्या थोरलीकडे बघायला लागल्या. "तुम्हाला जायचं असेल तर जा," मदर म्हणाल्या. "चौघी उरल्या नाहीत एवढंच मी कळवीन. कुणी बोट दाखवणार नाही."

खरं बोलून थोरली स्वतःच अडकली होती. मघाशी ताई फुकटात मिळत होती. आता दुसरीच्या ताटातून, तिच्यादेखत उचलून घ्यावी लागणार होती. धाकटी खाली मान घालून खांदा पुसत होती.

"राहते," थोरली म्हणाली. "आणि याला त्याग म्हणू नका. मन अजून पेटीपाशीच आहे."

दुपारी तिनं फोन लावला. "ताई, मी येत नाही गं."

"कुठं?"

"तुझ्याकडे."

"काहीतरीच तुझं, चिमणे," ताई म्हणाली. "इथंच तर आहेस. ये, बस."

थोरली फोन कानाला लावून कितीतरी वेळ नुसती बसली. तिकडून ताईचा श्वास ऐकू येत होता.

पुढचा महिना पुरा व्हायच्या आत ताई गेली. हात धरायला एक नर्स होती, भली, पण परकी.

धाकटीला पाळणाघर राहिलं, स्वयंपाकवालीला चूल, कारखान्यातल्या बायकांना लेकरं ठेवायला जागा. त्याच्या किमतीतला आपला वाटा थोरलीनं भरला, पण तिनं तो निदान स्वतःच्या तोंडानं कबूल केला होता. सगळ्यात मोठा वाटा भरला ताईनं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.