तोटीवाल्या थर्मासची साक्ष

मी एक जुना तोटीवाला थर्मास आहे आणि माझं सारं आयुष्य प्रभूच्या सेवेला वाहिलेलं आहे. सारं म्हणजे रविवारचं. बाकीचे सहा दिवस मी चर्चच्या कपाटात झाडूशेजारी उभा असतो.

मित्रांनो, मी जन्मलो एका कारखान्यात, पण मला कामाला लावलं ते कौसल्याबाईंनी. त्या जरीपटका वस्तीतून सकाळीच येत, आलं घालून चहा उकळत, माझ्या पोटात ओतत आणि झाकणावर थाप मारून म्हणत, "सांभाळ रे बापू." उपासना संपली की अख्खी मंडळी माझ्यापुढे रांग लावायची. वेदीपुढे एवढी रांग मी कधी पाहिली नाही. मला गर्व झाला नाही. फक्त समाधान वाटायचं, आणि ते बरंच मोठं होतं.

मग बुटीबोरीत नोकरीला असलेल्या रोशनने चर्चला चहाचं विजेचं यंत्र भेट दिलं. चकचकीत, लाल दिव्याचं. त्याच्यासाठी प्रार्थना झाली, वर हारही घातला. माझ्यासाठी कोणी कधी डोळेही मिटले नव्हते. मी त्याचा द्वेष केला नाही, मित्रांनो. फक्त लाईट जावी एवढंच देवाकडे मागत राहिलो.

"काकू, आता तुमी आरामात बसून उपदेश आयका," रोशन म्हणाला. "बटन दाबलं का चहा."

"तुले आराम कोनं मागितला गा?" कौसल्याबाई फणकारल्या. "अन् आलं कोन टाकीन, तुयं बटन?"

पाळकसाहेबांनी तोडगा काढला. पुढच्या रविवारी दोघांचाही चहा ठेवायचा. मंडळीला आवडेल तो राहील, दुसरा भंगारात. कौसल्याबाईंचं तोंड उतरलं. माझं झाकण तर आधीपासूनच सैल होतं.

त्या रविवारी उपदेश होता अर्ध्या मनाच्या भक्तीवर. "थोडं देवाला आणि थोडं स्वतःला राखून, असं चालत नाही," पाळकसाहेब कडाडले. "प्रभूला कोमट माणूस नको!"

ते मी स्वतःवरच घेतलं. आज जराही वाफ सोडायची नाही, असा मी निश्चय केला. पण खरं सांगतो, मन लागेना. अर्धं लक्ष चहाकडे, अर्धं त्या लाल दिव्याकडे. उपदेश लांबला. पाळकसाहेब तापत होते आणि मी निवत होतो.

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. कौसल्याबाई पाय न वाजवता आल्या, तोटीखाली बोट धरून पाहिलं, "हट् मेल्या" म्हणाल्या आणि मला कडेवर घेऊन स्वयंपाकखोलीत गेल्या. सारा चहा शेगडीवरच्या गंजात ओतला, पुन्हा खळखळून उकळला, पुन्हा भरला. पदराने तोटी पुसली. 'आमेन' व्हायच्या आत मी टेबलावर हजर.

पाळकसाहेबांची जीभ भाजली. "वा! याला म्हणतात निष्ठा," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "आणि कौसल्याबाई, उपदेश कसा वाटला?"

"म्या कुठं आयकला, साहेब? मी चहा पाहून राहिली होती."

निष्ठा त्यांची होती, कौतुक माझं झालं, आणि तरी जळत मीच होतो. त्या दिवशी यंत्राचा नाही, त्या बाईंचा हेवा वाटला.

मी जिंकलो. पण भेट आलेली वस्तू भंगारात टाकायची कशी? आणि टाकली तर रोशन चर्चला येणार कसा? म्हणून दोघांनाही ठेवलं. उन्हाळा लागला तसा चहा यंत्राकडे गेला. त्यात आलं मात्र कौसल्याबाईच टाकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या झाकणावर थाप मारली. "सांभाळ रे बापू," म्हणाल्या. अगदी त्याच आवाजात.

मित्रांनो, ज्याला मन द्यायचं त्याला सगळं द्या. आणि थर्मासच्या झाकणाचं रबर वेळेवर बदला.

माझ्यात आता थंड पाणी भरतात. उपदेश संपेपर्यंत ते कोमट होतं.